न विचारता धरलेला हात

१९७३ च्या मे महिन्यात, पाझर तलावाच्या कामावरून संध्याकाळी परतताना, आमच्या टोळीच्या मुकादमानं माझ्या थोरल्या बहिणीला वाट सोडून खडीच्या खाणीकडं ओढत नेलं. बहीण तेव्हा एकवीस वर्षांची होती. तिला दोन्ही डोळ्यांनी दिसत नव्हतं. खाणीच्या कडेला त्यानं तिचं तोंड दाबलं आणि पोलकं फाडलं. तिनं त्याच्या उजव्या हाताच्या अंगठ्याला चावा घेतला आणि दात सोडले नाहीत. शेवटी हिसका देऊन त्यानं हात सोडवला आणि तो निघून गेला.

मी त्याच टोळीत मातीच्या पाट्या वाहत होते. त्याआधीचं आणि नंतरचं बरंचसं मी पाहिलेलं आहे. खाणीपाशी जे झालं ते बहिणीनं सांगितलेलं आहे. तिनं ते पुढं वेगवेगळ्या लोकांपुढं सांगितलं, आणि दर वेळी तेच सांगितलं.

आमचं गाव तुळजापूर तालुक्यात, तामलवाडीपासून आत. लागोपाठ पावसानं दगा दिला होता. शेतात काम नव्हतं, म्हणून सरकारनं नाल्यावर पाझर तलावाचं काम काढलं होतं. गावातली आणि वस्तीतली हातीपायी धड असलेली सगळी माणसं तिथं होती. दुपारी सुकडी, म्हणजे सरकारी पौष्टिक कोरडा खाऊ, मिळायची. घरी रेशनच्या लाल मिलो ज्वारीची भाकरी असायची. ती तव्यावरून उतरली की लगेच खावी लागे, नंतर दातांनी तुटत नसे.

बहिणीला आम्ही अक्का म्हणायचो. सहाव्या वर्षी तिला देवी आल्या, त्यात डोळे गेले. घरात दळण, चूल, सारवण ती करायची. वस्तीतल्या विहिरीपर्यंत एकटी जायची. त्यापलीकडं तिला कुणीतरी न्यावं लागतं, असं सगळे धरून चालले होते.

कामाचा कारकून तिला घ्यायला तयार नव्हता. "हिला काय काम देऊ? पडली बिडली तर माझ्या गळ्यात," असं तो म्हणाला. वडिलांना आम्ही दादा म्हणत असू. ते कमी बोलायचे. ते म्हणाले, "साहेब, साखळीत हुबी करून बघा. न्हाय जमलं तर घरी न्हेतो." बांधावर माती चढवताना बायका एका ओळीत उभ्या राहून पाट्या हातोहात पुढं द्यायच्या. त्या ओळीत पायानं हलावं लागत नाही. डावीकडून पाटी घ्यायची, उजवीकडं द्यायची. पहिल्या दिवशी दुपारपर्यंत शेजारच्या बाया अक्कावर ओरडायला लागल्या, की जरा हळू, आमचे हात रिकामे होईनात. कारकुनानं तिचं नाव लावलं.

सकाळी ती माझ्या खांद्यावर हात ठेवून कामावर यायची. अडचण संध्याकाळची होती. टँकर दिवस मावळताना यायचा आणि वस्तीच्या कोरड्या विहिरीत पाणी सोडायचा. काम सुटलं की बायका पळत सुटायच्या, कारण उशिरा पोचणारीला गाळ मिळायचा. अक्काला पळता येत नव्हतं. तेव्हा मुकादम म्हणाला, "तुमी व्हा फुडं. पोरीला म्या आणतो." तो आमच्याच वस्तीतला, बायकापोरांचा धनी, वयानं दादांच्या बरोबरीचा. वस्तीतली सगळी तरुण मंडळी त्याला मामा म्हणायची. विहारात तो पुढच्या ओळीत बसायचा. आई त्याला म्हणाली, "लई उपकार झाले, भाऊ."

इथं गावातली एक रीत सांगायला हवी. परका पुरुष बाईच्या अंगाला हात लावत नसे. बोळात बाई समोरून आली तर पुरुष भिंतीला टेकून उभा राहायचा. दुकानदार सामान देताना पुडी फळीवर ठेवायचा, बायकांच्या हातात द्यायचा नाही. कुणी एखादीचं मनगट धरलं असं नुसतं ऐकलं तरी काठ्या निघायच्या. अक्काच्या बाबतीत ही रीत नव्हती. तिचा हात कुणीही धरायचा. कुणी दंड धरायचा, कुणी मनगट, कुणी पाठीवर तळवा ठेवून पुढं ढकलायचा. धरण्याआधी कुणी विचारायचं नाही. एकदा तुळजापूरच्या बाजारात एका अनोळखी माणसानं तिला हाताला धरून रस्त्यापलीकडं नेऊन सोडलं. तिला पलीकडं जायचंच नव्हतं. ती दुकानाच्या पायरीशी आईची वाट बघत उभी होती. घरी ही गोष्ट सांगून आम्ही पुष्कळ दिवस हसायचो. अक्का हसायची नाही.

उन्हाळा लागल्यावर तिनं आईला सांगितलं, "मामा चालताना माझी बोटं मोजत्यात."

"मोजत्यात म्हंजी?"

"एकेक बोट धरत्यात. एक, दोन, तीन. परत एक, दोन, तीन."

आई चुलीत काटक्या सारत होती. ती म्हणाली, "गंमत करत असतील. तुला करमावं म्हणून."

"मला न्हाय करमत. म्या तुमची वाट बघत कामावरच बसते."

"आन् लोक काय म्हणतील? माणूस रोज वाकडी वाट करून आणतोय, त्याच्यावर आळ घेती व्हय?"

मामा तिला आणत राहिला.

त्या संध्याकाळी खाणीशी ती एकटी राहिली तेव्हा तिला दिशा कळत नव्हती. ओढाताणीत ती फिरली होती. ओरडावं असं तिला वाटलं, पण ती ओरडली नाही. नंतर मी कारण विचारलं तेव्हा ती म्हणाली, "वरडले असते तर कुणीतरी आलं असतं. आल्यावर त्यानं काय केलं असतं? हातच धरला असता." ती खाली बसली आणि ऐकत राहिली. थोड्या वेळानं टँकर आला. पाण्याची धार विहिरीत पडू लागली, घागरी वाजू लागल्या, बायका भांडू लागल्या. त्या आवाजाच्या रोखानं ती चालत निघाली. काटे, खडी, नाल्याचं कोरडं पात्र असं ओलांडत ती विहिरीवर आली. पाण्याच्या गर्दीत तिच्याकडं कुणाचं लक्ष गेलं नाही. आमच्या टोळीतल्या सगळ्यांत थोरल्या बाईला सगळे आत्या म्हणायचे. तिनं पहिल्यांदा बघितलं.

"अगं, तू एकली कशी? मामा कुठाय?"

"मला घरी जायचंय," अक्का म्हणाली. "हात लावू नका. फुडं चाला, म्या तुमच्या पायांच्या आवाजानं येते."

मी पुढं चालले. ती मागं आली.

घरी तिनं सरळ सांगितलं. आई आधी म्हणाली, "वाट चुकला असंल." मग अक्कानं पदर बाजूला केला आणि फाटलेलं पोलकं दाखवलं. आईनं दार लावून घेतलं. दादा भिंतीला टेकून बसले होते. ते म्हणाले, "उद्यापासनं कामावर जायचं न्हाय."

"म्या जाणार," अक्का म्हणाली.

"कुणासंगं?"

"ते बघू. पण घरी बसणार न्हाय. म्या काय केलंय घरी बसायला?"

तिला काय हवं होतं ते त्या दिवसापासून स्पष्ट होतं. कामावर जायचं, यायचं, आणि त्यासाठी कुणी तिच्या अंगाला हात लावायचा नाही. यातलं काहीच कुणाला शक्य वाटत नव्हतं. आई म्हणाली, हात लावल्याबिगर आंधळं माणूस चालणार कसं?

आठवडी बाजाराच्या दिवशी कामाला सुटी असायची. त्या दिवशी विहारासमोर वस्तीची बैठक भरली. पंच घोंगडीवर बसले होते, बाकीचे पुरुष जमिनीवर. बायका विहाराच्या बाजूच्या भिंतीला उभ्या होत्या. मामा आला. उजव्या अंगठ्याला जाड पट्टी होती.

"जय भीम मंडळी," तो म्हणाला. "म्या काय बोलू? पोरगी मला लेकीवाणी. नाल्यापातूर आणली. ती म्हणली, आता जाते मी, वाट ठाव हाय. म्या सोडली. फुडं कोण आलं, काय झालं, मला काय ठावं?"

"अंगठ्याला काय झालं?" कुणीतरी विचारलं.

"हातोडा बसला."

पंचांनी अक्काला सांगायला लावलं. तिनं सांगितलं. मागून एक जण म्हणाला, "दिसत न्हाय म्हणल्यावर हाच व्हता कशावरनं?" दोघातिघांनी माना हलवल्या.

पंचांतल्या वडीलधाऱ्या माणसाला वस्तीत मान होता. त्यानं एक तोड काढली. तो म्हणाला, "न्याव दोन्हीकडनं झाला पायजे. आंधळ्याची सारी वळख हातात असती. पाच गडी बसवू, मामा त्यातलाच एक. कुणी बोलायचं न्हाय. पोरीनं एकेकाचा हात चाचपावा आन् सांगावं. मग कुणाला शंका ऱ्हाणार न्हाय."

ही तोड सगळ्यांना पटली. मला वाटतं, पंचांनी ती खरोखर न्यायबुद्धीनंच काढली होती. पाच जण ओळीत बसले. त्यांनी बाह्या सारल्या. पट्टीनं ओळख पटू नये म्हणून पाचही जणांच्या अंगठ्यांना चिंध्या बांधायचं ठरलं, आणि एकीनं जुनं लुगडं फाडून चिंध्या दिल्या. बसलेल्यांतला एक जण म्हणाला, "पोरी, माझा धरू नगंस बाई. घरी भाकर मिळायची न्हाय." लोक हसले.

अक्का जागची हलली नाही.

"उठवा त्यांना," ती म्हणाली.

"का गं?"

"म्या कुणाचा हात धरणार न्हाय."

"मग वळखत न्हाईस असं म्हण की!" मागचा पुन्हा ओरडला.

"वळखते," अक्का म्हणाली. तिचा आवाज चढला नव्हता. "हिवाळ्यापासनं रोज सांजच्याला त्यो हात माझ्या हातावर व्हता. त्यो धरायच्या आदी मला कुणी इचारलं न्हाय, आन् त्याच्यासाठी कुणी बैठक बी बसवली न्हाय. आता तुमी मला पाच गड्यांचे हात धरायला लावता. म्या एकाचा बी धरणार न्हाय. तुमाला बघायचं असंल तर मामाच्या अंगठ्याची पट्टी सोडा. आत हातोड्याचा मार हाय का दातांचा, ते तुमाला दिसंल. तुमाला डोळं हायत. माझ्या वरच्या दातांत फट हाय, ती बी बघून घ्या."

तिनं तोंड उघडून दात दाखवले.

सगळे मामाकडं बघू लागले. मामानं हात मांडीखाली घेतला. "दवाखान्यातली पट्टी हाय. सोडली तर पू व्हतोय," तो म्हणाला.

पंचांनी एकमेकांकडं बघितलं. कुणी उठलं नाही.

बायकांतून आत्या बोलली, "पोरीला पाच गड्यांचे हात धरायला लावता, आन् ह्याची एक चिंधी सुटंना व्हय?"

"बायांनी मदी बोलू नगा," पंच म्हणाले.

पट्टी सोडली गेली नाही. बैठकीनं ठरवलं ते असं: मामानं यापुढं पोरीला आणायचं नाही. पोरीनं शक्यतो घरी राहावं. जायचंच असेल तर तिला आणायला दुसरा चांगला माणूस लावून देऊ. वस्तीतला एक सज्जन तरुण लगेच म्हणाला, "म्या आणीन की."

"मला माणूस नगं," अक्का म्हणाली. बैठक मोडली.

दादा त्या बैठकीत सुरुवातीपासून शेवटपर्यंत बसले होते. एकही शब्द बोलले नव्हते. बैठक मोडल्यावर ते घरी न येता मळ्याकडं गेले. ते ज्यांच्याकडं सालगडी होते त्या शेतकऱ्याची विहीर आटली होती आणि मोट पावसाळ्यापासून खोपीत पडून होती. दिवस मावळायच्या आत दादा परत आले, तेव्हा त्यांच्या खांद्यावर मोटेचा नाडा होता. बैल मोट ओढतात तो जाड, लांब दोर. त्याला तेलाचा आणि जुन्या चामड्याचा वास येत होता.

"मालक म्हणला, ने. पाणी लागल्यावर आण," दादा म्हणाले.

ते अंगणात बसले आणि नाड्याला अंतराअंतरानं गाठी मारू लागले. मधल्या एका गाठीला त्यांनी आईच्या लुगड्याचा तुकडा बांधला. नाडा अक्कासमोर ठेवून ते म्हणाले, "ही तुझी गाठ. फुडं चार बाया, मागं चार बाया. हात दोराला. माणसाला न्हाय."

अक्कानं गाठ चाचपली, मग दोन्ही बाजूंचा दोर. "जड हाय," ती म्हणाली.

"बैलाचा हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती टोळीतल्या बायकांच्या दारोदार गेली. मी बरोबर होते, पण बोलली ती. सकाळच्या वाटेला सगळ्या तयार झाल्या. नाडा धरून बायका निघाल्या, तेव्हा रस्त्याकडेला बसलेल्या पुरुषांनी आरोळ्या ठोकल्या. "सोलापूरची गाडी निघाली! तिकटं काढा!" पुढं आत्या होती. ती म्हणाली, "तुला जागा न्हाय रं. बायांचा डबा हाय."

सकाळचं जमलं, पण संध्याकाळी अडलं. काम सुटल्यावर बायका नाड्याशी थांबेनात. एक जण तोंडावर म्हणाली, "अक्का, तुझं समदं खरं. पण लेकरं तहानेली हायत. तुझ्यापायी गाळ प्यावा का आमी?" तिचं म्हणणं खोटं नव्हतं. अक्कानं विचारलं, "नंबर घागरीचा असतोय का बाईचा?"

नंबर घागरीचा असायचा. बाई शेजारी नसली तरी जिची घागर आधी ठेवलेली तिचा नंबर आधी, हे वस्तीत सगळ्यांना मान्य होतं. तेव्हा असं ठरलं, की मी सर्वांत आधी पळत जायचं, टोळीतल्या सगळ्यांच्या घागरी ओळीनं लावायच्या आणि राखायच्या. बाकीच्यांनी नाड्यासोबत यायचं. इतर बायका माझ्याशी भांडल्या. एका बाईनं आमच्या घागरी लाथेनं ढकलल्या, मी परत लावल्या. काही दिवसांनी भांडण थांबलं.

मुकादम अजून तोच होता. नाड्याच्या दुसऱ्याच दिवशी आत्या कारकुनाकडं गेली आणि म्हणाली, आमाला दुसरा मुकादम पायजे.

"कारण काय?"

"कारण तुमाला ठाव हाय. गाव बारकं हाय."

"माझ्याकडं लेखी तक्रार नाही."

आत्या मागं फिरली, साखळीत आपल्या जागेवर उभी राहिली आणि आलेली पाटी तिनं खाली ठेवली. पुढची पाटी अक्काच्या हातात आली, तिनंही खाली ठेवली. थोड्या वेळात ओळभर पाट्या जमिनीवर होत्या. वर बांधावर पुरुष माती पसरायला रिकामे उभे राहिले. त्यांनी खाली वाकून शिव्या दिल्या. कारकून छत्री घेऊन इकडून तिकडं फिरला. दुपारच्या सुकडीच्या आधी त्यानं मामाला नाल्याच्या दुसऱ्या अंगाच्या पुरुषांच्या टोळीवर पाठवलं.

त्याच आठवड्यात गावातली एक मुलगी नाड्याशी येऊन उभी राहिली. ती वाण्याच्या आळीतली, आम्ही वस्तीतल्या. लहानपणी ताप आल्यापासून तिचा एक पाय बारीक होता आणि ती काठी टेकत चालायची. सुरुवातीला ती कामावर होती, नंतर यायची बंद झाली होती. का बंद झाली ते कुणी विचारलं नव्हतं. ती म्हणाली, "मला बी धरू द्या."

"तुला तर दिसतंय की," एक जण म्हणाली.

"दिसतंय. पळता येत न्हाय."

अक्कानं आपल्या मागची गाठ तिला दिली.

लेखी तक्रार नाही हे कारकुनाचं वाक्य अक्काच्या डोक्यातून गेलं नव्हतं. पुढच्या बाजारच्या दिवशी ती, दादा आणि मी पोलीस ठाण्यात गेलो. जमादारानं ऐकून घेतलं. तो वाईट वागला नाही. त्यानं अक्काला बसायला बाकडं दिलं. मग तो म्हणाला, "अनोळखी इसम असं लिहितो."

"अनोळखी न्हाय," अक्का म्हणाली आणि तिनं नाव सांगितलं.

"बाई, तुला दिसत नाही. कोर्टात वकील फाडून खाईल."

"खाऊ द्या. नाव लिवा."

जमादारानं दादांकडं बघितलं. दादा म्हणाले, "ती म्हणती तसं लिवा साहेब."

त्यानं लिहिलं. वाचून दाखवलं. अक्कानं एका जागी थांबवलं. तिथं "वाट दाखवण्याच्या निमित्ताने" असं होतं. ते तिला चालणार होतं, पण त्याआधी "मला न विचारता" असं घालायला तिनं सांगितलं. जमादार म्हणाला, त्यानं काय फरक पडतो? ती म्हणाली, पडतोय. त्यानं घातलं. मग अंगठ्याची वेळ आली. जमादारानं शाईची पेटी उघडली, टेबलावरून वाकला आणि तिचा हात धरला.

अक्कानं हात मागं घेतला.

"अगं, अंगठा उठवायचाय. मी काय..."

"पेटी कुठं हाय ते सांगा. कागुद कुठं हाय ते सांगा. अंगठा माझा हाय, म्या ठेवते."

जमादारानं पेटी सरकवली आणि टेबलावर बोटानं टकटक केलं. "इथं." तिनं अंगठा शाईत बुडवला. त्यानं कागदाच्या कोपऱ्यावर टकटक केलं. "आणि इथं." तिनं अंगठा ठेवला. बाहेर आल्यावर तिनं तो पदराला पुसला. ती शाई पुष्कळ धुण्यांत गेली नाही.

पावसाळा लागला. नाल्याला पाणी आलं, मग विहिरींना. मालकाचा निरोप आला तेव्हा दादांनी नाड्याच्या गाठी सोडल्या आणि तो परत केला. मोट सुरू झाली. अक्कानं बाभळीची काठी करून घेतली, नेहमीपेक्षा लांब. काठीचं एक टोक तिच्या हातात असायचं. कुणी मदतीला पुढं आलं की ती दुसरं टोक त्याच्यापुढं करायची. ज्याला न्यायचं असेल त्यानं ते धरावं. पुष्कळांना राग आला. "आमी काय खातो का तुला?" एक म्हातारा म्हणाला. अक्का म्हणाली, "न्हाय आजोबा. म्हणूनच टोक दिलंय." त्यानं धरलं.

खटला उभा राहिला. तारखा पडत गेल्या. प्रत्येक तारखेला अक्का आणि दादा एसटीनं गेले. मामाच्या वकिलानं तिला विचारलं, "तुम्ही आरोपीला कधी पाहिलं आहे का?" ती म्हणाली, "सहाव्या वर्सापासनं म्या कुणालाच पाहिलं न्हाय." कोर्टात लोक हसले. न्यायाधीशांनी हसणाऱ्यांना गप्प केलं आणि आरोपीला उजवा अंगठा दाखवायला सांगितलं. पट्टी कधीच निघाली होती. वण होता. खालच्या कोर्टात त्याला शिक्षा झाली. वरच्या कोर्टात तो सुटला. तो गावातच राहिला. मुकादमी त्याला पुन्हा मिळाली नाही.

दादा १९७९ साली वारले. त्यानंतर अक्कानं एक म्हैस घेतली. गावात दूध संस्था निघाली तेव्हा ती सभासद झाली. उजाडताना किटली एका हातात आणि काठी दुसऱ्या हातात घेऊन ती संस्थेवर दूध घालायला जायची. वाटेत चढ होता, दगडी पायऱ्या होत्या. आईनं पायऱ्यांवर कडेनं चुन्याचे पट्टे ओढले. अक्का म्हणाली, मला त्याचा काय उपयोग? आई म्हणाली, तुझ्यासाठी न्हाय, तुला धडकणाऱ्यांसाठी.

मी तोवर सोलापूरच्या एका दैनिकात काम करू लागले होते. संस्थेच्या वार्षिक सभेची बातमी घ्यायला मी एकदा गावी गेले. सभा शाळेत होती. सभासद आधीच येऊन बसले होते. मामाही सभासद होता आणि भिंतीकडच्या बाजूला बसला होता. अक्का दाराशी आली. संस्थेचा चिटणीस दारात उभा होता, पंचविशीतला तरुण, गावातलाच. तिला बघून त्यानं हात पुढं केला, मग मागं घेतला.

"अक्का, काठी धरू का?" त्यानं विचारलं.

"नगं," ती म्हणाली.

ती आत गेली, पुढच्या ओळीत रिकामी जागा काठीनं शोधली आणि बसली. सभा सुरू झाली.